ऑफिसच्या प्रॉक्सीमागे पिप आणि एनपीएम: पीएक्स काही महिने वापरल्यावर

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. पिप आणि एनपीएम (पायथन आणि जावास्क्रिप्टची पॅकेजं उतरवून बसवणारी साधनं) ऑफिसच्या प्रॉक्सीमागे, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या मध्यस्थ सर्व्हरमागे, अडकतात. पीएक्स हे छोटं, फुकट, ओपन सोर्स साधन ४०७ चा (प्रॉक्सीने ओळख मागून अडवण्याचा) त्रास मुळापासून मिटवतं आणि सर्टिफिकेटच्या (साइटची ओळख पटवणाऱ्या दाखल्याच्या) त्रासाला हातही लावत नाही. बहुतेक जण या दोन त्रासांची गल्लत करतात. मग पीएक्स टाकूनही पॅकेज उतरलं नाही की ‘बेकार आहे’ म्हणून काढून टाकतात. ते बेकार नाही, त्याचं काम एवढंच आहे.

माझी परिस्थिती हिंजवडीतल्या निम्म्या लोकांना पाठ असेल. क्लायंट आर्थिक क्षेत्रातला, लॅपटॉप त्यांचा, विंडोज डोमेनला जोडलेली, बाहेरचं इंटरनेट फक्त प्रॉक्सीतून. ब्राउझर मस्त चालतो. पायपीआयचं, म्हणजे पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्याचं, पान उघडतं, पॅकेजची माहिती वाचता येते. पण टर्मिनलमध्ये तेच पॅकेज इन्स्टॉल करायला गेलं की पिप ‘रिट्राइंग’ अशी पिवळी ओळ दाखवतं, मग पुन्हा तीच ओळ, कंसातला आकडा चारवरून तीन, दोन, एक, शून्य. त्या लांबलचक ओळीच्या शेपटीला ‘टनेल कनेक्शन फेल्ड: ४०७ प्रॉक्सी ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड’ असं लिहिलेलं असतं, पण तिथवर कोणी वाचत नाही. कारण सगळ्यात शेवटी लाल अक्षरांत येतं: ‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्युशन फाउंड’. नवीन माणूस ते वाचून पॅकेजचं स्पेलिंग तपासत बसतो, पायथनची आवृत्ती बदलून बघतो. दोष दोन्हींचा नसतो. पिपला यादीच मिळालेली नसते, म्हणून त्याला एकही आवृत्ती ‘सापडत’ नाही.

ब्राउझरला चालतं ते पिपला का चालत नाही? प्रॉक्सी विचारते, तू कोण? ब्राउझर विंडोजकडे बोट दाखवतो आणि विंडोज तुमच्या लॉगिनच्या जोरावर परस्पर उत्तर देते, कर्बेरॉस किंवा एनटीएलएम या ओळख पटवण्याच्या पद्धतींनी. एनटीएलएममध्ये तीन निरोपांची देवाणघेवाण होते आणि ती एकाच जोडणीवर पूर्ण व्हावी लागते. पिपच्या पोटातल्या लायब्ररीला प्रॉक्सीशी ही देवाणघेवाण करता येत नाही. तिला प्रॉक्सीच्या पत्त्यात नाव-पासवर्ड लिहिण्याची साधी ‘बेसिक’ पद्धत तेवढी येते. तुमची प्रॉक्सी बेसिक स्वीकारत असेल तर काम भागतं, पण मग पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये उघडा पडतो. शिवाय पासवर्डात ॲट किंवा हॅशचं चिन्ह असेल तर ते टक्का-चाळीस, टक्का-तेवीस असं बदलून लिहावं लागतं. आमची प्रॉक्सी बेसिक घेतच नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

तुमची प्रॉक्सी काय मागते हे बघायला विंडोजमधलं कर्ल हे टर्मिनलमधून वेबला हाक मारणारं साधन पुरतं. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ आवृत्तीपासून ते आत बसूनच येतं. व्हर्बोज मोडमध्ये प्रॉक्सीचा पत्ता देऊन पायपीआयला हाक मारा आणि उत्तरातल्या ‘प्रॉक्सी-ऑथेंटिकेट’ या ओळी वाचा. निगोशिएट (कर्बेरॉस किंवा एनटीएलएम यांतलं जमेल ते), एनटीएलएम, बेसिक, जे काही असेल ते तिथे लिहिलेलं असतं. तिकीट टाकून तीन दिवस वाट बघण्याआधी हे करा, कारण हेल्पडेस्कवाल्यालाही बहुधा ते माहीत नसतं.

पीएक्सच्या आधी आमच्या टीममध्ये सीएनटीएलएम होतं. कल्पना तीच: आपल्याच मशीनवर एक छोटी प्रॉक्सी चालवायची, पिपला तिचा पत्ता द्यायचा आणि मोठ्या प्रॉक्सीशी ओळखपाळख तिने करायची. पण सीएनटीएलएमला पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून बनवलेला सांकेतिक मजकूर) फाइलमध्ये लिहून द्यावा लागतो. पासवर्ड बदलला, हॅश बदलायचा राहिला, की ते इमानेइतबारे जुना पासवर्ड पाठवत राहतं आणि कंपनीची खाती सांभाळणारी ॲक्टिव्ह डिरेक्टरी तुमचं खातं लॉक करते. सोमवारी सकाळी स्टँडअपमध्ये कोणी ना कोणी ‘माझं अकाउंट लॉक झालंय’ म्हणायचंच. शिवाय त्याची मूळ प्रकल्पातली ०.९२.३ ही आवृत्ती २०१२ ची, आणि ते बोलतं एनटीएलएम. मायक्रोसॉफ्टने जून २०२४ मध्ये एनटीएलएमच्या सगळ्या आवृत्त्या मोडीत काढण्याच्या यादीत टाकल्या आहेत. आज नव्याने कोणी सीएनटीएलएम बसवत असेल तर मी तरी नको म्हणेन.

पीएक्स पासवर्ड मागतच नाही. ते विंडोजच्या एसएसपीआय या ओळख पटवणाऱ्या सुविधेमार्फत, तुम्ही ज्या नावाने लॉगिन केलंय त्याच ओळखीने प्रॉक्सीशी बोलतं. पासवर्ड बदलला तरी त्याला सांगावं लागत नाही. हा एक मुद्दा सोडला तर पीएक्समध्ये डोळे दिपावेत असं काही नाही, आणि मला तेच आवडतं. एक खिडकीही न उघडणारं साधन आहे ते. १२७.०.०.१ वर, म्हणजे आपल्याच मशीनवर, ३१२८ या पोर्टला कान लावून बसतं आणि बसल्याचं विसरायला होतं.

बसवताना मात्र कोंबडी आधी की अंडं हा प्रश्न येतो. पीएक्स पिपनेही बसवता येतं, पण पिप चालत असतं तर पीएक्स लागलं कशाला असतं? म्हणून गिटहबच्या रिलीज पानावरून ब्राउझरने विंडोजची झिप उतरवायची. तिच्यात पायथनसकट सगळं असतं. ॲडमिन हक्क लागत नाहीत, आपल्या फोल्डरमध्ये उघडून चालवता येतं. तरीही सुरक्षा विभागाला आधी विचारा. क्लायंटच्या लॅपटॉपवर परवानगीशिवाय प्रॉक्सीच्या नावाचं काहीही चालताना दिसलं तर पुढची बैठक तांत्रिक नसते. आम्ही रीतसर मंजुरी घेतली. मंजुरीच्या अर्जात ‘ओळख चुकवत नाही, उलट वापरकर्त्याचीच ओळख प्रॉक्सीला देते’ हे वाक्य होतं आणि ते उपयोगी पडलं.

सेटिंगमध्ये बहुतेक जण प्रॉक्सीचा पत्ता हाताने भरतात. भरू नका. काहीच दिलं नाही तर पीएक्स विंडोजच्या इंटरनेट सेटिंगमधून पत्ता किंवा पॅक फाइल (कुठल्या ठिकाणासाठी कुठली प्रॉक्सी ते सांगणारी) उचलतं आणि ठरावीक वेळाने, मूळ सेटिंगप्रमाणे दर ६० सेकंदांनी, ती पुन्हा तपासतं. घरून व्हीपीएनवर आणि ऑफिसात लॅनवर वेगळी प्रॉक्सी असणाऱ्यांसाठी हीच खरी सोय आहे. पत्ता हाताने भरला की ती सोय गेली. लॉगिनबरोबर आपोआप सुरू व्हायचा पर्याय आहे, तो एकदा चालवायचा.

यानंतर प्रत्येक हत्याराला नवा पत्ता सांगायचा. पिपला त्याच्या कॉन्फिगमध्ये, एनपीएमला ‘प्रॉक्सी’ आणि ‘एचटीटीपीएस-प्रॉक्सी’ या दोन्ही जागी, कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटला त्याच्या एचटीटीपी विभागात. इथे एक खाच आहे. ‘एचटीटीपीएस-प्रॉक्सी’ या नावाला भुलून लोक पत्त्याची सुरुवातही एचटीटीपीएसने करतात. तसं नाही. नावातलं एचटीटीपीएस जायच्या ठिकाणाबद्दल आहे; पीएक्सशी बोलणं साध्या एचटीटीपीनेच होतं. जुनं पिप ही चूक पोटात घालायचं. २०२० च्या अखेरीस आलेल्या पिप २०.३ मधली नवी लायब्ररी प्रॉक्सीशीही खरोखर टीएलएसने (एचटीटीपीएसमागच्या सांकेतिक जोडणीने) बोलू लागली आणि वर्षानुवर्षं चाललेली मशिनं एका रात्रीत ‘राँग व्हर्जन नंबर’ म्हणत बसली. आजही हा संदेश दिसला की मी आधी पत्त्यातलं ते एक ‘एस’ शोधते.

आता दुसरा त्रास. ४०७ गेला आणि त्याच्या जागी ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’ आलं, किंवा एनपीएमने ‘सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट इन सर्टिफिकेट चेन’ म्हटलं, तर पीएक्सला शिव्या देऊ नका. कंपनीची प्रॉक्सी एचटीटीपीएस वाहतूक मध्येच उघडून तपासते आणि कंपनीच्या सर्टिफिकेटने पुन्हा बंद करून पुढे देते. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारच्या चिन्हावर (कुलपाच्या किंवा सेटिंगच्या) जाऊन पायपीआयचं सर्टिफिकेट कोणी दिलंय ते बघा. तिथे कंपनीचं किंवा सुरक्षा उत्पादनाचं नाव दिसलं की खात्री झाली. विंडोजला ते मूळ सर्टिफिकेट माहीत असतं, कारण आयटीने ते ग्रुप पॉलिसीने ढकललेलं असतं. पिप आणि नोड (एनपीएम ज्यावर चालतं ते) मात्र विश्वासाच्या सर्टिफिकेटांची आपापली यादी घरूनच घेऊन येतात.

इथे गेल्या दोनेक वर्षांत चांगली सुधारणा झाली आहे. जुलै २०२४ च्या पिप २४.२ पासून, पायथन ३.१० किंवा पुढचं असेल तर, पिप विंडोजचीच यादी वापरतं. म्हणजे नुसतं पिप अद्ययावत केलं की सर्टिफिकेटचा प्रश्न बऱ्याचदा आपोआप सुटतो. अडचण एवढीच, की पिप अद्ययावत करायलाही पिपच लागतं. तेवढ्यापुरती पिपची व्हील फाइल (तयार बांधलेलं पॅकेज) ब्राउझरने उतरवून बसवायची. गिटला ‘एस-चॅनल’ ही विंडोजची सुविधा वापरायला सांगितलं की तेही विंडोजची यादी बघतं. नोडच्या नव्या आवृत्त्यांत सिस्टिमची यादी वापरायचा पर्याय आला आहे. जुन्यांसाठी ‘नोड_एक्स्ट्रा_सीए_सर्ट्स’ या व्हेरिएबलमध्ये कंपनीच्या सर्टिफिकेटच्या फाइलचा पत्ता द्यायचा. फाइल विंडोजमधून काढताना ‘बेस-६४’ हा पर्याय निवडा. विझार्ड आधी डीईआर हा बायनरी प्रकार सुचवतो आणि ती फाइल यांपैकी कोणालाच वाचता येत नाही.

नेटवरचा सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे पिपला ‘ट्रस्टेड-होस्ट’ देणं आणि एनपीएमचं ‘स्ट्रिक्ट-एसएसएल’ बंद करणं. चालतं, नाही कोण म्हणतंय. पण पॅकेज मॅनेजर आपल्या मशीनवर दुसऱ्याचा कोड आणून चालवतो. तिथेच पडताळणी बंद करणं म्हणजे दाराला कुलूप लागत नाही म्हणून दारच काढून ठेवणं. आमच्या एका जुन्या प्रोजेक्टच्या एनपीएमआरसीमध्ये (एनपीएमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ‘स्ट्रिक्ट-एसएसएल’ बंद करणारी ती ओळ रिपॉझिटरीत कमिट केलेली निघाली. प्रॉक्सी नसलेल्या बिल्ड सर्व्हरवरही ती इमाने चालू होती.

पायथन ३.१३ वर गेलेल्यांसाठी वेगळी सूचना. ऑक्टोबर २०२४ च्या या आवृत्तीत सर्टिफिकेटची तपासणी मुळातच कडक झाली आहे. कंपनीचं मूळ सर्टिफिकेट जुन्या पद्धतीने बनवलेलं असेल तर ‘मिसिंग ऑथॉरिटी की आयडेंटिफायर’ किंवा ‘बेसिक कन्स्ट्रेंट्स नॉट मार्क्ड क्रिटिकल’ असं काहीतरी येतं. मशीन तेच, सर्टिफिकेट तेच, ३.१२ वर सगळं सुरळीत. हे आपल्या टोकाला नीट दुरुस्त होत नाही, सर्टिफिकेट नव्याने काढावं लागतं. आमचं तिकीट अजून उघडंच आहे आणि प्रोजेक्ट ३.१२ वर थांबलाय.

पीएक्सबद्दलच्या तक्रारी म्हणाल तर पहिली लॉगची. डीबग लॉग चालू केला की इतकं काही छापलं जातं की हवी ती ओळ शोधण्यात चहा थंड होतो, आणि बंद असला की काहीच कळत नाही. मधलं काही नाही. दुसरी, ४०३ आला तर पीएक्स ते जसंच्या तसं पुढे देतं आणि नवशिक्याला वाटतं यानेच अडवलं. ४०३ म्हणजे प्रॉक्सीने तुम्हाला ओळखलं आणि तरीही नाही म्हटलं. एनपीएमची काही पॅकेजं बसता बसता गिटहबवरून तयार बायनरी ओढतात आणि आमच्याकडे त्या वर्गातलं डाउनलोड बंद आहे. तिथे परवानगी मागणं हाच मार्ग.

सावध राहण्यासारखी गोष्ट म्हणजे गेटवे मोड. तो चालू केला की तुमच्या मशीनवरचं पीएक्स नेटवर्कवरच्या इतरांनाही वापरता येतं, आणि ते जे काही करतील ते प्रॉक्सीच्या नोंदीत तुमच्या नावावर पडतं. कोणी ‘पाच मिनिटांसाठी तुझं पीएक्स दे ना’ म्हटलं तरी देऊ नका.

हा मोड लोकांना मोहात पाडतो तो डब्ल्यूएसएलमुळे, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या सोयीमुळे. डब्ल्यूएसएल २ च्या नेहमीच्या रचनेत लिनक्सच्या बाजूचं १२७.०.०.१ हे विंडोजचं नसतं, त्यामुळे उबुंटूतल्या (त्या लिनक्समधल्या) पिपला पीएक्स सापडत नाही. विंडोज ११ च्या २२एच२ पासून ‘मिरर्ड’ नेटवर्किंग मिळतं. ‘डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ फाइलमध्ये एक ओळ टाकून डब्ल्यूएसएल बंद-चालू केलं की तोच पत्ता दोन्हीकडे चालतो आणि गेटवे उघडावा लागत नाही. पण सर्टिफिकेटचं काम उबुंटूत पुन्हा करायचं, कारण तिला विंडोजची यादी दिसत नाही: फाइल ‘सीआरटी’ याच एक्स्टेन्शनने ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि ‘अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स’ चालवायचं. एक्स्टेन्शन ‘पीईएम’ असेल तर ती आज्ञा काहीही न बोलता फाइलकडे दुर्लक्ष करते. उबुंटूच्या एपीटी या पॅकेज साधनाची अजून एक गंमत: प्रॉक्सीचा व्हेरिएबल तुमच्या शेलमध्ये असला तरी सुडो (ॲडमिन हक्काने काम करवणारी आज्ञा) तो बहुधा पुढे नेत नाही, म्हणून प्रॉक्सी एपीटीच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्येच लिहावी.

ऑफिसात नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरीसारखा पॅकेजांचा अंतर्गत साठा असेल तर या सगळ्यात पडूच नका, पिप आणि एनपीएमला सरळ त्याचा पत्ता द्या. फक्त तो पत्ता ‘नो_प्रॉक्सी’मध्ये (प्रॉक्सीतून न जाणाऱ्या पत्त्यांच्या यादीत) घालायला विसरू नका, नाहीतर आतली मागणी बाहेरच्या प्रॉक्सीकडे जाते आणि तिथून अपमानित होऊन परत येते. डोमेनच्या आधी नुसता टिंब द्या. ताऱ्याचं चिन्ह (*) बऱ्याच साधनांना कळत नाही, कर्लला तर नाहीच. आमच्याकडे पायथनसाठी असा साठा आता आला आहे, त्यामुळे पिप पीएक्समधून जात नाही. एनपीएम, गिट आणि कार्गो (रस्ट भाषेचं पॅकेज साधन) अजून जातात. डॉकर बिल्डला (प्रोग्राम कंटेनरमध्ये बांधण्याच्या कामाला) मात्र मी पीएक्स जोडण्याच्या भानगडीत पडले नाही. कंटेनरमधून ते दिसावं म्हणून पुन्हा गेटवेच उघडावा लागला असता. त्या डॉकर इमेज आता सीआयच्या (आपोआप बिल्ड करणाऱ्या) सर्व्हरवर बनतात.