‘वीज बचत यंत्रा’ची फसवणूक : आमच्या आत्याबाईंचा अनुभव

वीजबिल चाळीस टक्क्यांनी कमी करून देतो असे सांगत फिरणारे विक्रेते मे महिन्याच्या अखेरीसच का येतात, हे साताऱ्यातील माझ्या आत्याबाईंच्या अनुभवावरून नीट लक्षात आले. ते इतरांनाही कळावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. आत्याबाई सत्तरी ओलांडलेल्या आहेत, एकट्या राहतात आणि उन्हाळ्याचे बिल पाहून आधीच चिंतेत होत्या. गळ्यात ओळखपत्र अडकवलेले दोन तरुण आले, वीज कंपनीच्या ऊर्जा बचत मोहिमेतून आल्याचे त्यांनी भासवले आणि प्लगमध्ये खोचायची एक पांढरी डबी २,४०० रुपये रोख घेऊन त्यांना विकली.

विकण्याआधी त्यांनी प्रात्यक्षिकही दाखवले. लाकडी फळीवर एक छोटी मोटर आणि शेजारी विजेचा प्रवाह अँपिअरमध्ये दाखवणारा मीटर बसवलेला होता. मोटर सुरू असताना डबी जोडली की मीटरवरचा आकडा झपाट्याने निम्म्यावर येत असे. आत्याबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला तो आकडा खोटा नव्हता, आणि या फसवणुकीची खरी मेख तिथेच आहे. डबीत कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार तात्पुरता साठवणारा छोटा भाग, असतो. तो जोडल्यावर मोटरीचा पॉवर फॅक्टर, म्हणजे तारेतून येणाऱ्या प्रवाहापैकी प्रत्यक्ष कामी किती येतो याचे प्रमाण, सुधारतो आणि तारेतून वाहणारा प्रवाह कमी होतो. पण मोटर प्रत्यक्षात जी वीज खर्च करते, तिच्यात काहीही फरक पडत नाही. घरगुती बिलातले युनिट म्हणजे किलोवॅट-तास. घरातला मीटर अँपिअर मोजून बिल काढत नाही, खर्च झालेली ऊर्जा मोजतो. मोठ्या औद्योगिक ग्राहकांच्या बिलावर पॉवर फॅक्टरचा परिणाम होतो, म्हणून कारखान्यांत कपॅसिटर बसवतात. त्या खऱ्या गोष्टीचा आधार घेऊन घरगुती ग्राहकाला ही डबी खपवली जाते.

जुलैमध्ये आत्याबाईंचे बिल खरोखरच कमी आले. पाऊस सुरू झाला होता, कूलर बंद झाला होता, पंखे कमी वेळ चालत होते आणि फ्रिजवरचा ताणही उतरला होता. शिवाय आपल्याकडे युनिटचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो, त्यामुळे वापर ३०० युनिटांच्या खाली आला की सर्वांत महाग युनिटे आधी गळतात आणि बिल वापरापेक्षाही जास्त उतरल्यासारखे दिसते. हे सगळे श्रेय डबीला मिळाले, आणि आत्याबाईंच्या शब्दावर विश्वास ठेवून भिशीतल्या दोघींनी तीच डबी घेतली. प्रामाणिक माणसाच्या तोंडून अशी जाहिरात करून घेतली जाते, याचा मला सर्वांत जास्त संताप येतो. बिलाची तुलना करायचीच असेल, तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या युनिटांशी करावी.

पुढे ओळखीच्या वायरमनने ती डबी उघडली. आत एक कपॅसिटर, एक फ्यूज आणि हिरवा दिवा लावण्यापुरती छोटी पट्टी, एवढेच निघाले. त्यानंतर त्याने जी चाचणी दाखवली, ती कोणालाही घरी करता येईल. मीटरवर ‘३२०० इम्पल्स’ असे छापलेले होते, म्हणजे त्याचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होते. घरातले बाकी सर्व बंद करून फक्त ७५ वॅटचा एक पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवला, तेव्हा दिवा सुमारे पंधरा सेकंदांनी एकदा लुकलुकत होता. आत्याबाईंच्या भिशीतल्या मैत्रिणीची न उघडलेली डबी शेजारच्या प्लगमध्ये लावून पाहिली, तरी अंतर तेच राहिले.

जवळपास तेवढ्याच पैशांत बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा येतो. तो तीस-पस्तीस वॅटवर चालतो आणि रोज बारा तास वापरला तर महिन्याला पंधराएक युनिटे वाचतात. ही बचत लहान असली तरी ती मीटरवर दिसते.

पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता, पत्ता अर्धवट होता आणि ‘पाच वर्षांची हमी’ छापलेल्या कार्डावरचा मोबाइल बंद लागत होता. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना विक्रेत्याचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो, आणि आमच्याकडे नेमके तेच नव्हते. त्यामुळे तिघींनी मिळून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला असून पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत. वीज कंपनीचे नाव सांगून कोणी दारात आले, तर पैसे देण्यापूर्वी बिलावर छापलेल्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून खात्री करावी, ओळखपत्राचा फोटो मागावा आणि रोख रक्कम देऊ नये. आणि मीटरच हळू फिरवून देतो असे कोणी म्हणाले, तर ती विद्युत कायदा, २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरी ठरते व गुन्हा घरमालकावरही दाखल होऊ शकतो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.