लाकडी फरशी 'डीप क्लीन' करून देणाऱ्यांना दारात उभं करू नका

22,400 रुपये गेले. 8,000 आगाऊ आणि 14,400 काम झाल्यावर, सगळे रोख. फरशी तासून पुन्हा कोटिंग करायचा खर्च वेगळाच.

गोड बोलणं, फुकट डेमो, 'आजच ठरवलंत तर सवलत' हे तुम्हाला नवीन नाही. डेमोत त्या सफाईवाल्याने कोपऱ्यात काहीतरी फवारलं आणि काळं झालेलं पांढरं फडकं माझ्या नाकासमोर धरलं. वापरातली कुठलीही फरशी पुसली की फडकं काळं होणारच! पण असं समोर धरलं की भलाभला गप्प बसतो.

खरी गोष्ट पुढची. त्याच्या माणसाने बादली उचलली आणि पाणी थेट फळ्यांवर ओतलं. सांध्यांमधून बारीक बुडबुडे वर येत होते, म्हणजे पाणी खाली मुरत होतं. मी म्हटलं, "अहो, लाकूड आहे ते!" तर म्हणे, "आमचं लिक्विड लाकडाला पोषण देतं." कॅनवरचं लेबल खरवडलेलं होतं. त्याच क्षणी त्याला बाहेर काढायला हवं होतं. पण अर्धी फरशी ओली, सामान दुसऱ्या खोलीत रचलेलं, 8,000 देऊन झालेले. अशा वेळी कोण काम थांबवतं? आणि पोषण कसलं? पॉलियुरेथेनचं कोटिंग, म्हणजे फळ्यांवरचा पारदर्शक संरक्षक थर, शाबूत असेल तर सांधे सोडून वरून लाकडापर्यंत काही पोचतच नाही.

थोडे दिवस फरशी चकाकली. मग पांढुरके डाग, सुटणारे पापुद्रे, आणि फळ्यांच्या कडा वर आलेल्या. वर फासलं होतं ते साधं अॅक्रिलिक पॉलिश. ते पूर्ण काढल्याशिवाय नवं कोटिंग धरत नाही. ओल जायच्या आधी तासूही नका, नाहीतर लाकूड वाळल्यावर फळ्या मधे फुगीर दिसतात.

पोलीस म्हणाले, काम तर झालंय, हा दिवाणी मामला. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात म्हणाले, पावतीवर नुसतं 'सफाई' लिहिलंय, नुकसान त्यांनीच केलं हे सिद्ध करा. कसं करू? रिकामा कॅन ते घेऊन गेले, फोन बंद, पत्ता खोटा. तक्रार नोंदवून घ्यायलाही एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवलं. तिथला माणूस मलाच विचारतो, "एवढे पैसे रोख का दिलेत?" फसवणाऱ्याला एकही प्रश्न नाही, सगळे प्रश्न फसलेल्याला!

कुणाला बोलवण्याआधी फरशीवर पाण्याचे दोन-चार थेंब टाका. थेंब तसेच उभे राहिले तर कोटिंग ठीक आहे, घरीच साफ करा. लाकूड गडद झालं तर कोटिंग गेलंय, आणि ते कुठल्याही सफाईने परत येत नाही. बारीक वाळूनेच ओरखडे पडतात, म्हणून आधी मऊ ब्रशचा व्हॅक्यूम किंवा मऊ झाडू. मग मायक्रोफायबरचा मॉप, घट्ट पिळून. न्यूट्रल पीएचचा (आम्लही नाही, अल्कलीही नाही असा) क्लीनर मॉपवर फवारा, फरशीवर नाही. व्हिनेगरने कोटिंग निस्तेज होतं. वाफेचा मॉप तर लाकडावर नकोच, वाफ सांध्यात शिरते.

आणि माणूस बोलवलाच तर लिक्विडचं नाव पावतीवर लिहून घ्या, लेबलसकट कॅनचा फोटो काढा. नाही म्हणाला तर आगाऊ एक पैसाही देऊ नका.