बाँड पाहायला सुरुवात कोणापासून करावी?

जेम्स बाँडचा एकही सिनेमा न पाहिलेल्या माणसाने ‘कुठून सुरू करू?’ असं विचारावं, की घरातल्या चौघांकडून चार उत्तरं येतात. सत्तरीतले काका शॉन कॉनरीशिवाय दुसरं नाव घेत नाहीत. भाड्याने व्हिडिओ कॅसेट आणून सिनेमे बघितलेली पिढी रॉजर मूरवर जीव टाकते. केबलवर वाढलेल्यांना पीअर्स ब्रॉस्नन हवा असतो, आणि मल्टिप्लेक्समध्ये वयात आलेल्यांना डॅनियल क्रेग. सगळे मनापासून बोलत असतात. पण खरं म्हणजे आपण अकरा-बारा वर्षांचे असताना पडद्यावर कोण होतं, एवढंच ते सांगत असतात.

माझा पहिला बाँड ब्रॉस्नन. आजही टक्सिडो घातलेला माणूस म्हटलं की मला तोच दिसतो, तेव्हा पुढचं सगळं हे लक्षात ठेवून वाचा.

पहिला सिनेमा नुसती आवड ठरवत नाही, तो मोजपट्टी हातात देतो. मूरपासून सुरुवात केलेल्याला क्रेग रडका वाटतो. क्रेगपासून सुरू केलेल्याला मूर पोरकट वाटतो. दोघांची करमणूक अर्धी होते. म्हणून ‘सर्वात चांगला कोण’ हे विचारण्यात अर्थ नाही. कोणापासून सुरुवात केली तर बाकीचेही आवडण्याची शक्यता उरते, ते बघायला हवं.

आजवर बाँड झालेल्या सहाही नटांना एकाच कसोटीवर लावायचं तर जुगाराचं टेबल सगळ्यात सोयीचं, कारण तिथे प्रत्येक जण कधी ना कधी बसलेला आहे.

कॉनरी तर जन्मलाच तिथे. ‘डॉक्टर नो’मध्ये (1962) लंडनच्या क्लबात पत्त्यांचा डाव चालू आहे. आपल्याला आधी फक्त हात दिसतात, पाठ दिसते. समोरची बाई नाव विचारते, तो सिगारेट पेटवतो आणि मग पहिल्यांदा चेहरा दिसतो. ओठात सिगारेट ठेवूनच तो नाव सांगतो. हरण्याची शक्यता त्याच्या मनाला शिवतही नाही. पुढचे सगळे बाँड या काही सेकंदांना उत्तर देत आले आहेत.

मूरचा डाव आपल्या उदयपूरचा. ‘ऑक्टोपसी’मध्ये (1983) खलनायक कमाल खान खोट्या फाशांनी बॅकगॅमनमध्ये लुबाडतोय. बाँड खेळाडूचा हक्क सांगून त्याचेच फासे उचलतो आणि दोन सहा पाडतो. मग खानाचा हस्तक, कबीर बेदीचा गोबिंदा, ते फासे मुठीत घेऊन त्यांचा चुरा करतो. धमकीसुद्धा खेळकर! यानंतर रिक्षाचा पाठलाग आणि टेनिस रॅकेटने गुंडांना बडवणारा विजय अमृतराज. जिंकलेल्या नोटा विजयला देताना बाँड करीवरून जी कोटी करतो, ती आज ऐकवत नाही. तरीही बारा वर्षांच्या मुलाला हा सगळा प्रकार जत्रेसारखा वाटतो, आणि मूरचे चाहते इतके घट्ट का असतात ते इथे कळतं. 1973 ते 1985 अशी बारा वर्षं आणि सात सिनेमे. तेवढ्यात एक अख्खी पिढी मोठी झाली.

याची उलट बाजू जॉर्ज लेझनबी. 1969 मध्ये एकच सिनेमा, आणि 1971 मध्ये कॉनरी परत हजर. पोर्तुगालच्या कॅसिनोत पैसे नसताना डाव लावून हरलेल्या बाईची रक्कम लेझनबी भरून टाकतो; प्रसंग चांगला, सिनेमा त्याहून चांगला. पण तो फारसा कोणाचा ‘पहिला’ झालाच नाही, त्यामुळे त्याच्या बाजूने भांडायला घरात कोणी नसतं.

ब्रॉस्नन ‘गोल्डनआय’मध्ये (1995) माँटे कार्लोला येतो. त्याच्यात कॉनरीची ऐट आहे आणि मूरचा मिश्कीलपणाही; टेबलावर दोन्ही एकाच वेळी दिसतात. मधली सहा वर्षं बाँडचा नवा सिनेमाच आला नव्हता, त्यामुळे त्या वयाच्या मुलांसाठी मैदान मोकळं होतं. 1997 मध्ये याच सिनेमावर निन्टेन्डोचा गेम आला, तेव्हा कित्येकांना तो आधी खेळातून भेटला.

आणि क्रेग. त्याचं नाव 2005 मध्ये जाहीर झालं तेव्हा केस सोनेरी आहेत म्हणून चाहत्यांनी बहिष्काराची भाषा केली. सिनेमा बनलासुद्धा नव्हता. ‘कॅसिनो रोयाल’मध्ये (2006) तो पोकर खेळता खेळता नकळत विष पितो, धडपडत गाडीपर्यंत जातो, मरता मरता वाचतो आणि पुन्हा टेबलावर येऊन बसतो. त्याआधी मोठा डाव हरल्यावर बारमन त्याला बाँडच्या नेहमीच्या कॉकटेलबद्दल विचारतो, मार्टिनी हलवून की ढवळून? तो खेकसतो, मला काय फरक पडतो? कॉनरीच्या बाँडने ‘गोल्डफिंगर’मध्ये (1964) ती हलवूनच मागितलेली ज्याने पाहिलीय, तो इथे खुर्चीत सरसावून बसतो. ज्याचा हा पहिलाच बाँड आहे, त्याला नुसता चिडलेला माणूस दिसतो.

म्हणून माझा सल्ला: मोठ्या माणसाने आधी ‘गोल्डफिंगर’ बघावा आणि लगेच पुढच्या आठवड्यात ‘कॅसिनो रोयाल’. दोन टोकं लागोपाठ पाहिली की एकच मोजपट्टी डोक्यात घट्ट बसत नाही. क्रेगचे पाचही सिनेमे एका कथेत गुंफलेले आहेत, तेव्हा ते सलग बघायचे असतील तर मध्ये दुसरं काही आणू नका. पण त्याआधी एक तरी जुना बघाच.

‘गोल्डफिंगर’बद्दल एक स्पष्ट सांगतो. गवताच्या कोठारात बाँड पुसी गॅलोरवर जी जबरदस्ती करतो, ती ‘तेव्हाचा काळ’ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ते बघवणार नसेल तर ‘गोल्डनआय’पासून सुरू करा. त्यात जूडी डेंचची एम, म्हणजे बाँडची वरिष्ठ, त्याला तोंडावर सुनावते, की तू बायकांना तुच्छ लेखणारा, शीतयुद्धातून उरलेला डायनासोर आहेस. सुरुवातीलाच हे ऐकलेला प्रेक्षक जुने सिनेमे डोळे उघडे ठेवून बघतो.

घरात अकरा-बारा वर्षांचं मूल असेल तर ‘कॅसिनो रोयाल’ नकोच. खुर्चीला बांधून केलेला छळ त्या वयासाठी नाही. मूरचा ‘द स्पाय हू लव्हड मी’ (1977) लावा. सुरुवातीलाच बाँड बर्फावरून घसरत कड्याच्या टोकाशी येतो आणि थेट खाली झेपावतो. संगीत थांबतं, तो पडत राहतो, पडतच राहतो, आणि मग ब्रिटिश झेंड्याचं पॅराशूट उघडतं. कॅनडातल्या बॅफिन बेटावर रिक सिल्व्हेस्टर नावाच्या स्टंटमनने ती उडी खरोखर मारली होती. मुलाला उडीनंतर सांगा, आधी नको.

टिमथी डाल्टनला मी मुद्दाम मागे ठेवलं. दोनच सिनेमे, 1987 आणि 1989. ‘लायसन्स टू किल’मध्ये ब्लॅकजॅकच्या टेबलावरही त्याच्या मनात खेळ नसतो, फक्त सूड असतो. क्रेगमधलं जे आवडेल, ते याने आधीच करून ठेवलंय. वरच्यापैकी कोणतेही दोन झाले की ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ बघा, निदान ब्रातिस्लाव्हातल्या रात्रीपर्यंत: खिडकीतली नेमबाज व्यावसायिक नाही हे ओळखून तो ऐन वेळी तिच्याऐवजी तिच्या बंदुकीवर गोळी झाडतो, आणि वरिष्ठांना काय सांगायचं ते सांगा म्हणतो.