कुलाबा की नळदुर्ग?

ओहोटीला चालत जायचा किल्ला म्हणजे अलिबागचा कुलाबा. पण सोलापूरहून एका दिवसात? विसरा. रात्रभर प्रवास करायचा, त्यात ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. ती चुकली की किनाऱ्यावर बसून किल्ला न्याहाळायचा. जमलं तर मात्र चपला हातात, ओली वाळू, आत सिद्धिविनायकाचं देऊळ आणि भर समुद्रात गोड्या पाण्याची विहीर!

नळदुर्ग हैदराबाद रस्त्याला, तासाभरावर. कडक भाकरी, शेंगाचटणी बांधायची की निघायचं. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात १६१३ चा पाणीमहाल. नर-मादी धबधबे सुरू असले की आत आपण, समोर पाण्याचा पडदा. उन्हाळ्यात नुसता दगड. आईला समुद्रच हवाय; माझ्याकडे रविवार एकच, म्हणून नळदुर्ग.