मॅच बघायला जायचंय, पण तारीख कुणाच्या हातात? प्रीमियर लीग, एनएफएल, आयपीएल आणि गहुंजेची कसोटी

भाच्याचा मेसेज गणपतीत आला, ऐन आरतीच्या वेळी. "मामा, या वर्षी एकच मोठी ट्रिप आहे. इंग्लंडला जाऊन मॅच बघू, का न्यू जर्सीला काकाकडे जाऊन अमेरिकन फुटबॉल? का दोन्ही सोडून इथेच आयपीएल आणि एखादी टेस्ट?" हिंजवडीत नोकरी, रजा मोजून मापून, मॅनेजरला दोन महिने आधी सांगावं लागतं. स्टेडियम, वातावरण, खेळाडू यांची यादी त्यानं केलीच होती. माझ्याकडे त्यानं ज्याचा विचार केला नव्हता तो मुद्दा होता: तू रजा टाकशील, तिकीट काढशील, पण मॅच त्या दिवशी असेल का?

हा प्रश्न मला सुचतो कारण माझा एकदा पोपट झालाय. लंडनमधल्या एका क्लबची शनिवारची मॅच धरून चार महिने आधी विमानाचं स्वस्त तिकीट काढलं होतं, पैसे परत न मिळणारं. मॅच टीव्हीसाठी सोमवारी रात्री आठवर गेली. रविवारी रात्री माझं परतीचं विमान. सोमवारी घरी कोथरूडला पोचलो, जेवलो, आणि मंगळवारी पहाटे दीड वाजता ती मॅच सोफ्यावर बसून बघितली. मॅचचं तिकीट फोनमध्ये तसंच होतं. मॅचचं तिकीट नव्या तारखेलाही चालतं, विमानाचं चालत नाही. कॅमेरा त्या स्टँडवरून फिरला की मी आपली रिकामी खुर्ची शोधत होतो. बायको मधेच उठून पाणी प्यायला आली, बघून काही न बोलता परत गेली.

तेव्हा ही तुलना खेळ कुठला चांगला याची नाही. तारीख कधी ठरते, कधी हलते आणि हलली तर किती दिवस आधी कळतं, एवढंच बघू.

प्रीमियर लीग

इंग्लंडच्या या सर्वांत वरच्या फुटबॉल लीगचं ३८० मॅचचं वेळापत्रक जूनमध्ये येतं आणि लोक नाचायला लागतात. तो फक्त साखरपुडा असतो. लग्नाची तारीख टीव्हीवाले काढतात. जवळजवळ प्रत्येक मॅच आधी शनिवारी दुपारी तीनला दाखवलेली असते, मग चॅनेलं आपापल्या मॅच उचलतात आणि त्या शनिवारी साडेबारा किंवा साडेपाच, रविवारी दोन किंवा साडेचार, नाहीतर शुक्रवारी किंवा सोमवारी रात्री आठ अशा विखुरतात. २०२५-२६ पासूनच्या करारात ब्रिटनमध्ये किमान २६७ मॅच थेट दाखवायच्या आहेत. म्हणजे जूनच्या कागदावरची वेळ टिकणं हाच अपवाद.

शनिवारी तीनच्या मॅच मात्र ब्रिटनमध्ये टीव्हीवर दाखवतच नाहीत. पावणेतीन ते सव्वापाच प्रक्षेपण बंद. १९६०च्या दशकापासूनची ही प्रथा, बर्नली क्लबच्या बॉब लॉर्ड या अध्यक्षाच्या आग्रहातून आलेली. मोठी मॅच घरबसल्या दिसली तर लोक आपल्या गावच्या छोट्या क्लबाकडे फिरकणार नाहीत, ही भीती. गंमत बघा, सिंहगड रोडवर बसलेल्या माणसाला जी मॅच हिवाळ्यात रात्री साडेआठला आरामात दिसते, ती त्या स्टेडियमपासून दोन गल्ल्या पलीकडच्या माणसाला घरी दिसत नाही.

बदल साधारण सहा आठवडे आधी कळतात. ऐकायला बरं वाटतं. पण पुण्याहून जाणाऱ्याचा हिशोब करा: विमान परवडायचं तर तीन-चार महिने आधी काढायला हवं, व्हिसा अर्जानंतर तीनेक आठवडे, रजा दोन महिने आधी. सगळं पक्कं झाल्यावर तारीख येते. तिथल्या माणसाचे हाल वेगळे. २०२३ साली वुल्व्ज विरुद्ध चेल्सी ही मॅच २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, ठेवली. १९९५ नंतर पहिल्यांदा असं झालं आणि पाहुण्या संघाचे प्रेक्षक चिडले. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी नाशिकला मॅच ठेवून पुणेकरांना बोलावण्यासारखंच की ते. सोमवारी रात्री दहाला मॅच सुटली की लिव्हरपूलहून लंडनला परतायला गाडी मिळणं अवघड, म्हणजे एक रात्र हॉटेलची आणि मंगळवारची अर्धी रजा.

आणि एक दिवस इकडे-तिकडे ही सौम्य गोष्ट झाली. तुमचा क्लब लीग कप या वेगळ्या बाद स्पर्धेच्या फायनलला पोचला तर त्या शनिवार-रविवारची लीग मॅच उचलून थेट पुढे कुठेतरी, आठवड्याच्या मधल्या एखाद्या रात्री जाते. तिथे शुक्रवार ते मंगळवार राहूनही उपयोग नाही. वादळाचं तर बोलायलाच नको: ७ डिसेंबर २०२४ची एव्हर्टन-लिव्हरपूल मॅच वादळामुळे रद्द झाली ती १२ फेब्रुवारी २०२५ला खेळली गेली. डिसेंबरात विमान पकडून गेलेल्यांनी काय केलं असेल?

तरीही माझ्या मते प्रीमियर लीगमध्ये वाट निघते. युरोपीय स्पर्धेत नसलेला क्लब निवडा. गुरुवारी युरोपात खेळणाऱ्या संघाची मॅच रविवारी ढकलावीच लागते, आणि लाडक्या पाच-सहा क्लबांच्या मॅच चॅनेलं आधी उचलतात. मधल्या फळीतल्या दोन क्लबांची मॅच शनिवारी तीनला टिकण्याची शक्यता बरी. नाहीतर शुक्रवार ते मंगळवार तिथेच राहायचं आणि मॅच कधीही येवो म्हणायचं. दोन रात्रींचं जादा हॉटेल हा त्याचा खर्च.

एनएफएल

इथे सगळं उघड आहे, आणि म्हणूनच जास्त अंगावर येतं. अमेरिकन फुटबॉलच्या या लीगचं १८ आठवड्यांचं, २७२ मॅचचं वेळापत्रक मेमध्ये निघतं आणि त्यातच लिहिलेलं असतं की अमुक आठवड्यापासून आम्ही मॅच हलवू शकतो. याला तिथे 'फ्लेक्स' म्हणतात. रविवार रात्रीच्या मॅचसाठी २००६ पासून आहे, सोमवारसाठी २०२३ पासून. आगाऊ सूचनेची मुदत साधारण १२ दिवसांची, हंगामाच्या शेवटी रविवारसाठी फक्त सहा दिवसांची.

कारण समजण्यासारखं आहे. मेमध्ये जी मॅच दणदणीत वाटते ती डिसेंबरपर्यंत दोन हरलेल्या संघांची रडकथा झालेली असते. रात्रीच्या मोठ्या वेळेला ती कोण बघणार? तिच्या जागी चुरशीची मॅच आणली की घरी बसलेला खूश, चॅनेल खूश, जाहिरातवाला खूश. पुण्यात बसून बघायचं असेल तर मी स्वतः फ्लेक्सच्या बाजूचा आहे. हिवाळ्यात त्यांची रविवार रात्रीची मॅच आपल्याकडे सोमवारी सकाळी सहा पन्नासला सुरू होते, चहाबरोबर. ती चांगली असावी एवढीच अपेक्षा.

पण जाणाऱ्याचं काय? गुरुवारच्या मॅचसाठी फ्लेक्स आणायचा ठराव २०२३ मध्ये मालकांपुढे आला तेव्हा न्यूयॉर्क जायंट्सचे सहमालक जॉन मारा यांनी उघड विरोध केला. त्यांचा संघ न्यू जर्सीतच खेळतो, म्हणजे काकाच्या घराजवळ. तरी २४ विरुद्ध ८ मतांनी ठराव पास झाला, मुदत २८ दिवसांची. २०२५ मध्ये ती २१ वर आणली. रविवारची मॅच गुरुवारी येणं म्हणजे तासा-दोन तासांचा फरक नाही, चक्क तीन दिवस आधी! पहिल्यांदा हे घडलं डिसेंबर २०२४ मध्ये: डेन्व्हर ब्रॉन्कोज आणि लॉस एंजेलिस चार्जर्स यांची २२ तारखेची मॅच १९ तारखेला. डेन्व्हरहून लॉस एंजेलिसला रविवारसाठी निघालेला माणूस पोचेपर्यंत निकाल लागून गेलेला.

काकाकडे राहायची सोय असेल तर अमेरिका चालेल, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात. नोव्हेंबर-डिसेंबरात चार दिवसांसाठी जाऊ नये. राहायला फुकट असलेल्या माणसाला तारीख हलली तरी खिशाला फारशी चाट बसत नाही, हा मात्र मोठा फायदा आहे आणि तो इंग्लंडात नाही.

आयपीएल

इथे वेळापत्रक टीव्हीसाठी आधीच बनवून येतं, त्यामुळे नंतर टीव्ही त्याला फार हात लावत नाही. संध्याकाळी साडेसात, जोडमॅच असेल त्या दिवशी पहिली साडेतीनला. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले, तेव्हा साडेसात ही वेळ तुमच्या-माझ्या सोयीची असेल असं समजू नका. मॅच संपायला सव्वाअकरा-साडेअकरा होतात. वानखेडेवरून चर्चगेट, तिथून दादर, मग बस, घरी पोचेपर्यंत दूधवाला भेटतो.

आयपीएल हलते ती बाकी सगळ्या कारणांनी, आणि पुण्याइतकं ते कुणी पाहिलं नसेल. २०१६ मध्ये दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने १ मेनंतरच्या मॅच महाराष्ट्राबाहेर गेल्या आणि पुण्याचा संघ घरच्या मॅच विशाखापट्टणमला खेळला. २०१८ मध्ये उलटं झालं: कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईच्या घरच्या मॅच पुण्याजवळच्या गहुंज्याच्या स्टेडियमवर आल्या, पिवळे शर्ट घालून चेन्नईचे लोक खास रेल्वेगाडीने पुण्यात उतरले. आणि त्याच वर्षी पुण्याला मिळालेल्या दोन प्लेऑफ मॅच मात्र कोलकात्याला गेल्या. २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीमुळे सुरुवातीला फक्त २१ मॅचचंच वेळापत्रक आलं. २०२५ मध्ये रामनवमीच्या बंदोबस्तामुळे कोलकात्याची ६ एप्रिलची मॅच ८ वर गेली, मेमध्ये स्पर्धाच थांबली, आणि २५ मेची कोलकात्यातली फायनल ३ जूनला अहमदाबादला झाली.

मुद्दा असा की इथे बदल ऐनवेळी येतो, पण तुमचं नुकसान छोटं. मुंबईची बस रद्द करायला किती लागतं? आयपीएलला मी "ठरवून जायची गोष्ट" म्हणतच नाही. तिकीट मिळालं, दिवस मोकळा आहे, गेलो.

गहुंजे

भारताच्या मॅचची तारीख एकदा जाहीर झाली की क्वचितच हलते. विश्वचषकात मात्र हलली. २०२३ मध्ये ऑगस्टात नऊ मॅच हलल्या. ऑस्ट्रेलिया-बांगलादेश ही पुण्याची मॅच १२ नोव्हेंबरवरून ११ला, शनिवारी सकाळी साडेदहाला आणली आणि भारत-नेदरलँड्स ही बंगळुरूची मॅच ११ वरून १२ला, दिवाळीच्या रविवारी. कोणाला रविवार हवा होता हे सांगायला नको. पण पुणेकरांना तो बदल पथ्यावर पडला. १२ तारखेला पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजन. त्या दिवशी फराळ सोडून एक्स्प्रेसवेला कोण गेलं असतं? ११ला गेलेल्यांनी मिचेल मार्शचे नाबाद १७७ बघितले. टीव्हीसाठी हललेली मॅच प्रेक्षकाच्या सोयीची निघाली असं माझ्या आठवणीतलं हे एकच उदाहरण, आणि तेही योगायोगाने.

कसोटीची तारीख सर्वांत इमानदार. सकाळी साडेनऊ म्हणजे साडेनऊ. फक्त शेवटच्या दिवसांची खात्री नाही. गहुंज्यावर आजवर तीन कसोटी झाल्या: २०१७ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची तीन दिवसांत संपली, २०१९ची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची चार दिवसांत, २०२४ची न्यूझीलंडविरुद्धची पुन्हा तीन दिवसांत. पाचवा दिवस इथे कुणी पाहिलेलाच नाही. २०२४ला माझा बेत रविवारचा, म्हणजे चौथ्या दिवसाचा होता. सँटनरने तेरा विकेट काढून शनिवारीच आटोपलं. तेव्हा गहुंज्याला जायचं तर पहिल्या दोन दिवसांत, आणि गुरुवारी सुरू होणार असेल तर शुक्रवारची रजा टाकून. जाताना मेट्रोचा उपयोग पिंपरीपर्यंतच, पुढे गाडी, नाहीतर लोणावळा लोकलने देहूरोड किंवा बेगडेवाडीला उतरून रिक्षा शोधायची.

मग भाच्याला काय सांगितलं

पहिलं, डिसेंबरचं इंग्लंड सोड. रजा पक्की आणि दिवस मोजकेच असतील तर प्रीमियर लीगची शेवटची फेरी धर, मेमधला रविवार. त्या दिवशी दहाच्या दहा मॅच एकाच वेळी, तिथल्या दुपारी चारला, सुरू होतात. कुणाला दुसऱ्याचा निकाल आधी कळू नये म्हणून हा नियम आहे आणि तिथे चॅनेलंही वेळ हलवू शकत नाहीत. ती तारीख हंगाम सुरू व्हायच्या आधी जाहीर असते. (नाही म्हणायला २०१६ मध्ये मँचेस्टर युनायटेडची त्या दिवशीची मॅच दोन दिवस पुढे गेली, सुरक्षा सरावात वापरलेली बनावट वस्तू स्वच्छतागृहात विसरल्यामुळे. तेवढी जोखीम घे.) दुसरं, काकाकडे जायचं तर सप्टेंबरात जा, आणि मॅच नाही मिळाली तरी काका आहेतच.

त्यानं मे निवडला. पुण्याचा उन्हाळाही चुकतो, म्हणाला. अडचण एवढीच की त्या दिवशीचं त्याच्या लिव्हरपूलचं तिकीट मिळणं जवळपास अशक्य, म्हणून मी मधल्या फळीतल्या दोन क्लबांची नावं पाठवली. काल रात्री उत्तर आलं: "मामा, एवढं लांब जाऊन बाराव्या नंबरची टीम बघू?" आता तो लिव्हरपूलच्या मेंबरशिपचा फॉर्म भरतोय.