सत्रान्ती प्रश्नावली की सत्राच्या मध्यावर विचारणा?

नॅकच्या (उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) मूल्यांकनात अभिप्राय आणि त्यावरील कार्यवाही दाखवावी लागते, त्यामुळे अनेक महाविद्यालये सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्यांकडून अध्यापनाविषयी गुणांकनाची प्रश्नावली भरून घेतात. प्रश्न ठरलेले असल्याने वर्षावर्षांची तुलना करता येते आणि अहवालही सहज तयार होतो. मात्र ती भरणाऱ्या विद्यार्थ्यांना तिचा लाभ क्वचितच मिळतो, आणि ‘विषयज्ञान : ५ पैकी ४’ एवढ्यावरून शिक्षकाने नेमके काय बदलावे, हे कळत नाही.

अध्यापन सुधारणे हाच हेतू असेल, तर मी दुसऱ्या पद्धतीला झुकते माप देईन. सहाव्या-सातव्या आठवड्यात, नाव न लिहिता, ‘कशाची मदत होते’ आणि ‘कुठे अडते’ असे दोनच प्रश्न विचारले, तर फळ्यावरचे अक्षर दिसत नाही, इंग्रजी संज्ञा मराठीतून समजावून हव्यात, प्रात्यक्षिक व्याख्यानाच्या आधीच उरकते, अशा तत्काळ सुधारता येण्याजोग्या गोष्टी हाती लागतात. पुढच्याच तासाला काय बदलणार आणि काय बदलता येणार नाही, हे सांगितले नाही, तर पुढील खेपेस कागद कोरे येण्याचीच शक्यता अधिक. अंतर्गत गुण त्याच शिक्षकाच्या हाती असल्यामुळे लहान वर्गात हस्ताक्षर ओळखले जाण्याची भीती रास्त आहे. तेथे कागद सहकाऱ्याने गोळा करून केवळ मुद्दे टंकून द्यावेत.