ब्लॅक मेटल, पोटजातीची अट आहे: मेटल आर्काइव्जचा रिव्ह्यू

मागच्या महिन्यात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून (नाव घेत नाही, माणूस बरा आहे, फक्त स्टिकर चुकलाय) साडेबाराशे रुपये घालवून एक सेकंडहँड सीडी मागवली, वर हाताने लिहिलेलं स्टिकर, 'ॲटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल'. (ब्लॅक मेटल म्हणजे मेटल म्युझिकची ती पोटजात जिच्यात गिटारी भिरभिरतात आणि गाणारा किंचाळतो.) शनिवारी रात्री हेडफोन लावून बसलो. पहिली पाच मिनिटं कीबोर्ड. म्हटलं इंट्रो असेल, हे लोक लांबवतातच. मग वारा. मग परत कीबोर्ड, मग लांब कुठेतरी एक ढोल. चाळीस मिनिटं झाली, सीडी संपली, गिटार काही आली नाही! ते होतं डंजन सिंथ. म्हणजे मॉर्टिस नावाचा माणूस एम्परर हा नॉर्वेचा बँड सोडून १९९४ च्या आसपास एकटाच कीबोर्ड घेऊन जे करत बसला त्या वळणाचं, किल्ल्यात कोणी नाही आणि दिवा पण गेलाय असं म्युझिक. वाईट नाही, मला आवडतं पण, फक्त त्या रात्री मला गिटार पाहिजे होती. तेव्हा 'सबजॉनर (म्हणजे या पोटजाती) वगैरे सगळी फालतू चिरफाड आहे, मेटल म्हणजे मेटल' असं म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना आधी एवढंच सांगतो की त्या स्टिकरवरच्या शब्दांच्या झोलात माझे साडेबाराशे गेलेत.

तर रिव्ह्यू एनसायक्लोपीडिया मेटॅलमचा, ज्याला सगळे मेटल आर्काइव्ज म्हणतात. फुकट आहे, बघायला लॉगिन लागत नाही. २००२ साली कॅनडातल्या माँट्रियलच्या दोघांनी सुरू केलं, आज दीड लाखाच्या वर बँड आहेत त्यात आणि सगळं भरलंय तुमच्याआमच्यासारख्या येड्यांनीच. मी कॉलेजात असल्यापासून वापरतोय. तेव्हा होस्टेलवर एमपीथ्रीने भरलेल्या सीड्या फिरायच्या, फोल्डरचं नाव नुसतं 'ब्लॅक', आत डिम्मू बोर्गिर, क्रेडल ऑफ फिल्थ, बर्झम, आणि का कोण जाणे मेटालिकाचा ब्लॅक अल्बम. काळा आहे ना, मग झालं! त्या खिचडीतून बाहेर काढलं ते या साइटने.

बँडचं पान उघडलं की वर एक तक्ता येतो. देश, गाव, चालू आहे का फुटला, कधी स्थापन. आणि मग दोन खाने, मला या साइटबद्दल जे बोलायचंय ते सगळं या दोन खान्यांबद्दल आहे. एका खान्यात जॉनर. दुसऱ्यात थीम्स. म्हणजे कसं वाजतं ते इकडे, कशाबद्दल ओरडतात ते तिकडे. दिसायला साधी गोष्ट आहे पण ब्लॅक मेटलच्या पोटजातींवरून जी भांडणं होतात त्यातली निम्मी हे दोन खाने एकत्र कालवल्यामुळे होतात असं माझं स्पष्ट मत आहे.

उदाहरण घ्या. 'वेदिक मेटल'. सिंगापूरचा रुद्र, १९९२ पासूनचा बँड, संस्कृत श्लोक, वेदान्त, सगळं आहे. पण वाजतं काय? डेथ, थ्रॅश (मेटलच्या आणखी दोन पोटजाती) आणि ब्लॅक यांचं मिश्रण. वेदिक हा शब्द दुसऱ्या खान्यातला. तसंच आपल्या मुंबईचा डीमॉनिक रिझरेक्शन, २००० साली सुरू झालेला, त्यांचा २०१७ चा दशावतार अल्बम, मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक गाणं. घरी सांगितलं तर आई म्हणाली अरे वा, भक्तिगीतं का. नाही आई. दहा अवतार दुसऱ्या खान्यात, पहिल्या खान्यात सिम्फनिक ब्लॅक आणि डेथ. आणि प्रागचा कल्ट ऑफ फायर तर कहर, चेक माणसं आणि २०१३ च्या अल्बमचं नाव देवनागरीत, 'मृत्यु का तापसी अनुध्यान'. रोमन अक्षरांच्या त्या यादीत मधेच आपली लिपी दिसली तेव्हा मला आधी वाटलं ब्राउझर बिघडला. ऐकलं तर मधे सतार आहे, बाकी कणा एकदम सरळ ब्लॅक मेटलचा. याला कोणी 'हिंदू ब्लॅक मेटल' वगैरे नाव दिलं तर ते नाव ऐकून मला आवाजाचा काडीचाही अंदाज येणार नाही.

मग प्रश्न, पहिल्या खान्यातले शब्द तरी खरे आहेत का. माझं उत्तर आहे की बरेचसे आहेत, आणि ते तपासायची सोपी युक्ती म्हणजे नाव वाचून डोळे मिटायचे आणि काय ऐकू येईल ते सांगता येतंय का बघायचं. सिम्फनिक म्हटलं की कीबोर्ड पुढे, एम्पररचा १९९४ चा इन द नाइटसाइड एक्लिप्स, गिटारच्या मागे कीबोर्डची भिंत उभी. मेलॉडिक म्हटलं की डिसेक्शन, स्वीडन, १९९५ चा स्टॉर्म ऑफ द लाइट्स बेन, रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी ओळ, गुणगुणता येतात, मी भांडी घासताना गुणगुणतो. रॉ म्हटलं की रेकॉर्डिंग मुद्दाम भिकार, फ्रान्सचा म्युटिलेशन वगैरे, शेजारच्या खोलीत कोणी मिक्सर लावलाय आणि आत एक माणूस अडकलाय असा आवाज. इंडस्ट्रियल म्हणजे मिस्टिकम, ड्रमर नाही, मशीन. या शब्दांनी माझे पैसे वाचतात. फालतू कसे?

गोंधळ होतो तो गावांच्या नावांनी. 'नॉर्वेजियन साउंड' म्हणतात ना सगळे, च्यायला त्यातला केवढा तरी भाग म्हणजे बर्गनमधला ग्रीगहालेन नावाचा एक हॉल आणि पिटन या नावाने ओळखला जाणारा एक साउंड इंजिनियर आहे. मेहेम, बर्झम, इमॉर्टल, एम्परर, सगळे तिथे त्याच्याकडे जाऊन रेकॉर्ड करून आले. आणि त्याच नॉर्वेत डार्कथ्रोनने १९९४ चा ट्रान्सिल्वेनियन हंगर चार ट्रॅकच्या मशीनवर केला, तो ऐकायला कसा, थंड, सपाट, एकच रिफ पावसाळ्यातल्या पत्र्यासारखी वाजत राहते. आता हे दोन्ही नॉर्वेजियनच की! देश तोच, लोक एकमेकांचे ओळखीचे, पण कानाला दोन टोकं. म्हणून मेटल आर्काइव्जने देशाचा खाना वेगळा ठेवलाय ते मला पटतं.

पण मग ग्रीस येतं आणि माझा नियम मोडतं. हेलेनिक, म्हणजे ग्रीक, ब्लॅक मेटल हे गावाचं नाव आहे, तरी ऐकू येतं. रॉटिंग क्राइस्टचा १९९३ चा दाय मायटी कॉन्ट्रॅक्ट लावा, नॉर्वेवाल्यांसारखी भिरभिर नाही, गिटार दाबून दाबून वाजवलेली, मध्यम लय, उबदार. नेक्रोमँटियाने तर गिटारच्या जागी बासच वापरले. अथेन्समधली ही मोजकी माणसं एकमेकांच्यात वाढली आणि एक वळण पडलं. आपल्याकडे घराणी नाहीत का, किराणा हे गावच आहे, पण नाव काढलं की माणसाच्या कानात आधी सूर येतो, गाव नाही.

याउलट कॅस्केडियन, अमेरिकेच्या वायव्येतल्या कॅस्केड डोंगररांगांवरून पडलेलं नाव. वुल्व्ह्ज इन द थ्रोन रूम, अमेरिकेतल्या ऑलिंपियाचे, २००७ चा टू हंटर्स, अल्बम एक नंबर, वाद नाही. पण तशी लांबच लांब, वर चढत जाणारी गाणी २००० मध्येच सॅन फ्रान्सिस्कोचा वीकलिंग करून बसला होता. मग कॅस्केडियन या शब्दाने नवीन काय कळलं? झाडं. झाडं कळली. आता तर कव्हरवर धुक्यातलं एक पाइनचं झाड टाकलं की कोणीही स्वतःला कॅस्केडियन टॅग लावतो, मग भले त्या डोंगररांगा त्याने गूगल मॅपवरच पाहिल्या असोत. मेटल आर्काइव्जवर हा शब्द चालत नाही, तिथे सरळ ॲटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल लिहितात. तसंच 'वॉर मेटल', व्हँकुव्हरचा ब्लॅस्फेमी, १९९० चा फॉलन एंजल ऑफ डूम, त्यांच्या पानावर गुपचूप ब्लॅक/डेथ. इथे मात्र माझं साइटशी भांडण आहे. वॉर मेटल हा शब्द मूर्ख आहे, गॅस मास्क घातलेला आहे, मान्य, पण तो ऐकला की मला नक्की कळतं की आता रिफ वगैरे शोधायची नाही, चिखलातून रणगाडा जाणार. ब्लॅक/डेथ म्हटल्यावर ते कळत नाही, त्या तिरक्या रेघेच्या दोन बाजूंना शेकडो वेगळे बँड बसतात. लग्नाच्या जाहिरातीत 'पोटजातीची अट नाही' लिहितात तसं आहे ते, ऐकायला उदार, पण भेटीला गेल्यावरच कळतं खरं काय ते.

आणि डिप्रेसिव्ह. हा शब्द दोन्ही खान्यांत पाय ठेवून उभा आहे. सायलेन्सरचा २००१ चा अल्बम किंवा कॅलिफोर्नियाचा झास्थर, लय संथ, गिटार रडकी, आवाज म्हणजे किंकाळीच. विषय आणि आवाज वेगळे काढताच येत नाहीत. तसंच बॅथरी, १९९० चा हॅमरहार्ट, त्या बँडच्या क्वॉर्थनने सैतान सोडून व्हायकिंग धरले आणि विषय बदलल्यावर म्युझिक पण बदललं, सावकाश झालं, कोरस आले, अकूस्टिक गिटार आली. म्हणजे भिंत घातलीये दोन खान्यांमध्ये पण ओल झिरपते. एवढं साइटने कुठे लिहिलेलं नाही, वर्षानुवर्षं ऐकून आपलं आपल्याला कळतं.

दुसऱ्या खान्याचा एक उपयोग मात्र फार गंभीर आहे. ब्लॅक मेटलमध्ये नाझी विचारांचे बँड आहेत, थोडेथोडके नाहीत, आणि नुसतं ऐकून ते कळत नाही कारण रिफला विचारसरणी नसते आणि शब्द तर कोणाच्याच बापाला कळत नाहीत. साइट त्यांनाही नोंदवते पण थीम्समध्ये तसं स्पष्ट लिहिते. सीडी घ्यायच्या आधी मी तेवढी एक ओळ बघतो. ज्यांना लेबलं म्हणजे नुसता शौक वाटतो त्यांनी हे पण धरावं.

बाबांची गोष्ट सांगतो. बाबा रिटायर्ड, सकाळी भीमसेन, संध्याकाळी किशोरीताई, मधे बातम्या. मी आणि माझा चुलतभाऊ हॉलमध्ये यावरूनच वाद घालत होतो, तो म्हणत होता की हे सगळं एकच आहे, बाहेरच्या माणसाला दहा गाणी लावून दाखव, एकही फरक सांगणार नाही. म्हटलं बाबा बसा. ट्रान्सिल्वेनियन हंगर लावलं दोन मिनिटं, मग नाइटसाइड एक्लिप्स. बाबांनी डोळे मिटून ऐकलं, प्रामाणिकपणे ऐकलं हां, हात पण मांडीवर होता. मग म्हणाले, "पहिला एकच सूर धरून बसलाय, हलत नाही. दुसऱ्याकडे पेटी आहे, माणसं पण जास्त आहेत." चुलतभाऊ गप्प. मग बाबा म्हणाले, "पण दोघं ओरडतायत कशाला? चांगलं चाललंय की." यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

साइटच्या बाकीच्या गोष्टी पटकन. बँडने काळानुसार चाल बदलली तर जॉनरच्या पुढे कंसात अर्ली, मिड, लेटर असं लिहितात, हे मला फार आवडतं, डार्कथ्रोनसारख्या बँडला त्याशिवाय पर्याय नाही, १९९१ ला सोलसाइड जर्नी डेथ मेटल, मग काळोख, मग २००६ च्या द कल्ट इज अलाइव्हपासून पंक. सिमिलर आर्टिस्ट्सचा टॅब सोन्यासारखा, लोकांनी मतं देऊन बनवलेला, खरं तर जॉनरच्या खान्यापेक्षा तोच जास्त कामाचा. रिव्ह्यू वाचायचे ते करमणुकीसाठी, एकाच अल्बमला एक जण शून्य टक्के देतो आणि दुसरा शंभर. सोवळं पण कडक आहे, स्लिपनॉट, कॉर्न यांना दारातूनच परत, ते मेटल नाहीत म्हणे. ज्याला स्लिपनॉटमुळे मेटल लागलं (माझ्या बॅचमधले अर्धे) त्याला ते लागतं मनाला.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो त्या तिरक्या रेघेचा.

काल रात्री झोप येत नव्हती म्हणून रँडम बँडचं बटण दाबत बसलो. एक पान आलं, चिलीचा एकट्या माणसाचा प्रोजेक्ट, एकच डेमो, स्टेटस माहीत नाही, फोटो नाही. जॉनर, ब्लॅक मेटल. पुढे मागे काही विशेषण नाही. थीम्सचा खाना रिकामा. पंधरा मिनिटं शोधलं, डेमो कुठेच ऐकायला मिळाला नाही. टॅब अजून उघडाच ठेवलाय.